अभिजात नाटकें व जपानी चित्रकथा

शाळेंत नेमलेलें नाटक बहुतेक विद्यार्थ्यांस परीक्षेपुरतें भेटतें आणि परीक्षेनंतर त्यांचा निरोप घेतें. पात्रांचीं नांवें, पांच अंकांचा सारांश, दोनचार उतारे व त्यांचें स्पष्टीकरण एवढी शिदोरी उत्तरपत्रिकेंत रिकामी झाली म्हणजे पुस्तक माळ्यावर जातें. उलटपक्षीं, जीं पुस्तकें कोणीं नेमलेलीं नाहींत तीं मात्र दप्तराच्या तळाशीं जपून ठेवलेलीं असतात. अलीकडे अशा न नेमलेल्या पुस्तकांत जपानी चित्रकथांचा, म्हणजे ज्यांस 'मांगा' म्हणतात त्यांचा, भरणा पुष्कळ दिसतो. पालक विचारतात, "हीं चित्रांचीं पुस्तकें मुलांच्या हातीं राहूं द्यावींत काय?" आणि विद्यार्थी विचारतात, "चारशें वर्षांपूर्वींचें नाटक आम्हीं आज कां वाचावें?" हे दोन प्रश्न वरवर अगदीं भिन्न दिसतात, परंतु त्यांचें उत्तर बऱ्याच अंशीं एकच आहे, आणि तें समजावून सांगण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. ज्या नाटकाकडे आपला विद्यार्थी एक मृत वस्तु म्हणून पाहतो, त्यास जपानांतील चित्रकार व कथाकार जिवंत मानून त्याच्याशीं बोलत असतात. त्यांच्या उत्तम कथांतून त्या नाटकांचे जे उल्लेख येतात ते केवळ शोभेसाठीं नसतात. नाटकानें उभा केलेला प्रश्न पुन्हां एकदां विचारण्यासाठीं ते येतात. ज्यानें मूळ नाटक वाचलें आहे त्यास हें संभाषण दोन्ही बाजूंनीं ऐकूं येतें. ज्यानें तें वाचलें नाहीं त्यास एकच बाजू ऐकूं येते, आणि आपलें कांहीं ऐकावयाचें राहिलें हेंही पुष्कळदां त्यास कळत नाहीं.

प्रथम मांगा म्हणजे काय तें पाहूं. हा शब्द जपानी आहे. प्रसिद्ध चित्रकार होकुसाइ याच्या रेखाचित्रांचे जे संग्रह १८१४ सालापासून निघूं लागले त्यांस हेंच नांव होतें. परंतु आज आपण ज्यांस मांगा म्हणतों त्या लांबलचक, प्रकरणशः चालणाऱ्या चित्रकथांस हल्लींचें रूप मुख्यत्वेंकरून दुसऱ्या महायुद्धानंतर आलें, आणि तें देणाऱ्यांत ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें. या कथा बहुधा प्रथम जाडजूड साप्ताहिकांतून अगर मासिकांतून क्रमशः येतात व मागाहून पुस्तकरूपानें निघतात. त्यांचीं पानें उजवीकडून डावीकडे वाचावयाचीं असतात. जपानांत मांगा केवळ लहान मुलांसाठीं नसतात. मुलगे, मुली, तरुण, प्रौढ अशा निरनिराळ्या वाचकांसाठीं निरनिराळीं मासिकें असतात. ही गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे, व तिच्याकडे आम्ही पुढें पुन्हां वळूं.

आतां इंग्रजी नाटकें जपानांत कशीं पोहोंचलीं? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जपाननें पाश्चात्य विद्येस आपलीं दारें उघडलीं, त्याबरोबर शेक्सपियरही आंत आला. १८८४ सालीं त्सुबोउचि शोयो या तरुण पंडितानें 'जूलियस सीझर' या नाटकाचें जपानी भाषांतर प्रसिद्ध केलें. पुढल्याच वर्षीं ओसाका येथें 'व्हेनिसचा व्यापारी' हें नाटक काबुकी या देशी नाट्यप्रकाराच्या वेषांत रंगभूमीवर आलें. त्या रूपांतराच्या नांवाचा अर्थ 'चेरीच्या बहराचा काळ, पैशाचें जग' असा होतो. १९११ सालीं टोकियोच्या इंपीरियल थिएटरांत त्सुबोउचीचें 'हॅम्लेट' झालें. शेक्सपियरच्या समग्र कृतींचें भाषांतर त्यानें १९२८ सालीं पुरें केलें, आणि त्याच वर्षीं टोकियोच्या वासेदा विद्यापीठांत त्याच्या नांवानें नाट्यसंग्रहालय उघडण्यांत आलें.

हा इतिहास मराठी वाचकास परका वाटूं नये. आपल्याकडेही जवळजवळ त्याच काळांत हेंच चाललें होतें. महादेवशास्त्री कोल्हटकरांचें 'ऑथेल्लो' १८६७ सालीं निघालें, आगरकरांनीं 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' १८८३ सालीं प्रसिद्ध केलें, आणि देवलांनीं १८९० सालीं ऑथेल्लोस 'झुंझारराव' केलें. परभाषेंतील थोर नाटक आपल्या घरीं आणावयाचें तर त्यास आपले कपडे घालावे लागतात, हें पुण्यास जसें कळलें तसेंच ओसाकासही कळलें.

परंतु जपानी कथाकारांस या कामीं एका जुन्या देशी संवयीचें साह्य झालें, आणि ती समजल्यावांचून मांगांतील उल्लेखांचें मर्म ध्यानांत यावयाचें नाहीं. काबुकी नाटककार नवें नाटक रचूं लागला म्हणजे दोन गोष्टी ठरवीत असे. पहिलीस 'सेकाइ' म्हणत, म्हणजे जग; प्रेक्षकांस आधींच ठाऊक असलेली एखादी कथा व तींतील माणसें. दुसरीस 'शुको' म्हणत, म्हणजे त्या ओळखीच्या जगांत नाटककारानें घातलेली नवी युक्ति. याचें प्रसिद्ध उदाहरण 'चूशिंगुरा' हें नाटक होय. आपल्या मृत धन्याचा सूड सत्तेचाळीस सामुराइंनीं १७०३ सालीं घेतला. परंतु तत्कालीन घडामोडी रंगभूमीवर दाखविण्यास सरकारची बंदी होती. म्हणून १७४८ सालीं लिहिलेल्या या नाटकांत तीच हकीकत चौदाव्या शतकांतील एका सर्वश्रुत जगांत नेऊन बसविली. प्रेक्षक काय तें समजले. आपल्या कीर्तनांत तरी दुसरें काय घडतें? हरिश्चंद्राचें आख्यान श्रोत्यांस पाठच असतें. आज बुवा तें कसें लावतात, हें ऐकण्यासाठीं देऊळ भरतें. ओळखीची कथा आणि अनोळखी वळण, या जोडींतच रस आहे. मांगा लिहिणारा जेव्हां हॅम्लेटचें नांव घेतो तेव्हां तो असेंच एक जग उघडीत असतो.

आणि खरें पाहतां शेक्सपियरनें तरी निराळें काय केलें? 'रोमिओ आणि ज्युलिएट'ची कथा त्याच्यापूर्वीं इटालियन कथाकारांनीं सांगितली होती. तिच्यावर आर्थर ब्रुक यानें १५६२ सालीं इंग्रजींत एक दीर्घ काव्य लिहिलें, व त्यावरून शेक्सपियरनें आपलें नाटक उभें केलें. हॅम्लेटची मूळ हकीकत डेन्मार्कच्या एका जुन्या लॅटिन इतिहासांत आहे. तेव्हां शेक्सपियरच्या नाटकावरून कोणी नवी कथा रचिली तर त्यांत नाटकाचा अपमान नाहीं. तें नाटक स्वतःच त्या रीतीनें जन्मास आलें आहे.

जपानांतील विद्यार्थ्यास नाटकाची ओळख दोन वाटांनीं होते. एक वाट क्रमिक पुस्तकाची. प्राथमिक शाळेच्या सहाव्या इयत्तेच्या एका वाचनमालेंत 'काकी यामाबुशी' हें क्योगेन, म्हणजे जुन्या घाटणीचें छोटें प्रहसन, नेमलेलें आहे. एक डोंगरी बैरागी भुकेनें व्याकुळ होऊन दुसऱ्याच्या झाडावरचीं फळें चोरून खात असतो. मालक येतो, त्यास पाहतो, व मुद्दाम मोठ्यानें म्हणतो कीं झाडावर कावळा दिसतो. बैरागी कावळ्यासारखा ओरडतो. मालक म्हणतो, नव्हे, वानर आहे. बैरागी वानराची नक्कल करतो. शेवटीं मालक म्हणतो, ही तर घार, आणि घार उडाल्याशिवाय राहत नाहीं! बिचारा बैरागी उडी घेतो व खालीं आदळतो. दुसरी वाट शाळेच्या वार्षिक उत्सवाची. त्या उत्सवांत वर्गावर्गानें नाटक बसविण्याची चाल आहे, व 'रोमिओ आणि ज्युलिएट' हें त्या कामीं नेहमींचें. त्यामुळें शालेय जीवनावरील मांगांत नाटक बसविण्याचा प्रसंग वारंवार येतो, आणि वाचकांस तो स्वानुभवाचा वाटतो.

आतां मांगांतील नाट्योल्लेखांचे चार प्रकार उदाहरणें देऊन सांगतों.

पहिला प्रकार नांवाचा. तेझुका यांच्या 'व्हॅम्पायर' (१९६६–६७) या कथेंतील खलनायकाचें नांव माकुबे रोकुरो असें आहे. हें नांव भराभर उच्चारून पाहावें. त्यांतून 'मॅक्बेथ' ऐकूं येतें. ज्यानें 'मॅक्बेथ' वाचलें आहे त्यास एका नांवावरून पुष्कळ कळतें: हा बुद्धिमान तरुण महत्त्वाकांक्षेनें पछाडलेला आहे, एका अपराधावरून दुसऱ्यावर चढत जाणार आहे, आणि ज्या गोष्टीस तो आपली ढाल समजतो तीच त्यास दगा देण्याचा संभव आहे. न वाचलेल्यास तें केवळ एक नांव आहे. जपानी रंगभूमीचीं नांवेंही अशींच उतरतात. मासाशि किशिमोतो यांची 'नारुतो' (१९९९–२०१४) ही कथा आपल्याकडील अनेक मुलांस ठाऊक आहे. तींतील जिराइया, त्सुनादे व ओरोचिमारु हीं तीन नांवें एकोणिसाव्या शतकांतील एका अद्भुत कथेंतून आलीं, व ती कथा १८५२ सालीं काबुकी रंगभूमीवरही आली. जिराइयाजवळ बेडकाची विद्या, त्सुनादेजवळ गोगलगाईची, ओरोचिमारुजवळ सर्पाची. साप बेडकास गिळतो, बेडूक गोगलगाईस खातो, आणि जपानी समजुतीप्रमाणें गोगलगाय सापास नाहींसा करते. म्हणून तिघेही एकमेकांच्या धाकांत असतात. जुन्या कथेंत जिराइया व त्सुनादे हें दांपत्य आहे आणि ओरोचिमारु शत्रु. किशिमोतो यांनीं तिघांस एकाच गुरूचे शिष्य केलें. या एका बदलानें जुनें वैर हें मैत्रीच्या भंगाचें दुःख झालें.

दुसरा प्रकार नाटकांतील नाटकाचा. हॅम्लेटनें नटांकडून राजापुढें एक खेळ करविला व खेळापेक्षां राजाच्या चेहऱ्याकडेच अधिक लक्ष दिलें, हें विद्यार्थ्यांस आठवत असेल. रंगभूमीवर खोटें बोलतांना माणसाच्या मनांतलें खरें बाहेर पडतें, या जाणिवेवर तो सगळा प्रसंग उभा आहे. सुझुए मिउचि यांची 'काचेचा मुखवटा' ही दीर्घ कथा १९७६ सालीं सुरू झाली, व ती जवळजवळ सबंध याच जाणिवेवर रचलेली आहे. तिची नायिका माया ही गरीब घरची, सामान्य रूपाची मुलगी. अभ्यासांत मागें, परंतु भूमिकेंत शिरली कीं देहभान हरपणारी. तिची प्रतिस्पर्धी आयुमि ही चित्रपटदिग्दर्शक बाप व नटी आई यांची लाडकी, सुंदर व अत्यंत कष्टाळू. माया 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकांत पक होते, तेव्हां प्रश्न असा पडतो कीं जो मनुष्यच नाहीं त्यानें रंगभूमीवर चालावें कसें? तिला त्यासाठीं नवें शरीरच कमवावें लागतें. पुढें विल्यम गिब्सन यांच्या 'द मिरॅकल वर्कर' या १९५९ सालच्या नाटकांत हेलन केलरची भूमिका दोघी मुली आळीपाळीनें करतात. नाटक तेंच, प्रसंग तोच, आणि तरीही पाहणारांपुढें दोन निराळ्या हेलन उभ्या राहतात. ज्या विद्यार्थ्यास 'भूमिकेचें स्पष्टीकरण करा' हा प्रश्न रुक्ष वाटतो, त्यानें हीं प्रकरणें वाचावींत. एकाच पात्राचीं दोन स्पष्टीकरणें कशीं खरीं असूं शकतात हें त्यास चित्रांत दिसेल.

याच प्रकारांत कुमिको साइकि यांची 'कागेकि शोजो' ही कथा येते. स्त्रियांच्याच एका नाट्यसंस्थेच्या शाळेंत ही कथा घडते. १९१४ सालीं जिचा पहिला प्रयोग झाला त्या ताकाराझुका नाट्यसंस्थेच्या धर्तीवर ती कल्पिलेली आहे. नायिका सारासा 'रोमिओ आणि ज्युलिएट'मधील टिबाल्टची भूमिका करते. तिची स्मरणशक्ति अशी कीं पूर्वीं पाहिलेल्या एका नटीचा टिबाल्ट ती हुबेहूब उतरविते. वर्ग थक्क होतो. शिक्षक मात्र सांगतात कीं ही नक्कल झाली, आणि नुसत्या नकलेच्या जोरावर ती अग्रस्थानीं पोहोंचणार नाहीं. मग तिला विचार करावा लागतो: टिबाल्टला एवढा राग कां येतो? हा राग मला स्वतःला कधीं आला आहे काय? आमच्या विद्यार्थ्यांस या प्रसंगाचा बोध निराळा सांगावयास नको. मार्गदर्शिकेंतील उत्तर पाठ करून लिहिणारा हाही हुबेहूब टिबाल्ट उतरवीत असतो. परंतु तो टिबाल्ट त्याचा नसतो.

तिसरा प्रकार सांगाड्याचा. यांत नाटकाचा सांगाडा तसाच ठेवून मांस व त्वचा बदलतात. तेझुका यांच्या सुप्रसिद्ध यंत्रबालकाच्या कथामालेंत १९६५ सालीं 'रोबिओ आणि रोबिएट' हें प्रकरण आलें. दोन भांडणारे शास्त्रज्ञ, आणि त्यांनीं घडविलेल्या दोन यंत्रमानवांचें परस्परांवर जडलेलें प्रेम, अशी ती कथा. लहान मुलांस ती गंमत वाटते. परंतु मूळ नाटक वाचलेल्याच्या मनांत सहज येतें कीं व्हेरोनाच्या त्या दोन घराण्यांनीं आपल्या पोटच्या मुलांस तरी दुसरें काय केलें होतें? वैर चालविण्याचीं यंत्रेंच ना? हा प्रश्न तेझुका यांनीं शब्दांत विचारला नाहीं. सांगाड्यानें तो आपोआप विचारला.

या प्रकाराचें भारदस्त उदाहरण म्हणजे आया कान्नो यांची 'गुलाबराजाची अंत्ययात्रा' (२०१३–२०२२). 'सहावा हेन्री' व 'तिसरा रिचर्ड' या नाटकांवर ती आधारलेली आहे. शेक्सपियरचा रिचर्ड कुबडा, वाळल्या हाताचा, आणि त्या व्यंगामुळें जगावर दांत धरून बसलेला. खऱ्या रिचर्डचा सांगाडा, तो १४८५ सालीं लढाईंत पडल्यानंतर पांचशेंहून अधिक वर्षांनीं, म्हणजे २०१२ सालीं, इंग्लंडांतील लेस्टर शहरांत मोटारी उभ्या करण्याच्या एका जागेखालीं सांपडला. त्याच्या पाठीचा कणा एका बाजूस वांकलेला होता, परंतु हात वाळलेला नव्हता. म्हणजे शेक्सपियरनेंही इतिहासांत आपली 'शुको' घातली होतीच. कान्नो यांनीं आणखी एक पाऊल टाकिलें. त्यांच्या रिचर्डच्या देहांत स्त्री व पुरुष या दोहोंचीं लक्षणें आहेत. त्यामुळें आई त्यास शाप समजते, व तो स्वतःही तसेंच समजूं लागतो. 'सहावा हेन्री'च्या पहिल्या भागांत जोन ऑफ आर्क हें पात्र आहे. या कथेंत तिची छाया रिचर्डचा पाठलाग करते. शेक्सपियरनें दाखविलेला खलपुरुष कसा झाला असेल, हा कान्नो यांचा प्रश्न. आई ज्यास मूल म्हणून जवळ घेत नाहीं त्याचें पुढें काय होतें, असा तो प्रश्न आपण आपल्या भाषेंत मांडूं शकतों. आणि तो पालकांच्याही कामाचा आहे.

चौथा प्रकार कोड्याचा, व आमच्या मतें तो सर्वांत सूक्ष्म. क्यो शिरोदाइरा यांनीं लिहिलेली 'झेत्सुएन नो टेम्पेस्ट' (२००९–२०१३) ही कथा दोन मित्रांची आहे. एकाच्या बहिणीचा खून झाला आहे व तो सूडासाठीं निघाला आहे. ती मुलगी शेक्सपियरची वेडी होती. 'हॅम्लेट' व 'टेम्पेस्ट' या दोन नाटकांतील वचनें तिच्या तोंडीं सदा असत. दुसरीकडे एक मंत्रविद्या जाणणारी युवती आपल्याच कुळांतील माणसानें दगा दिल्यामुळें निर्जन बेटावर अडकून पडली आहे. वाचलेल्यास दोन्ही नाटकें तत्काळ ओळखूं येतात. 'हॅम्लेट'मध्यें सूड घेतला जातो, आणि पडदा पडतांना रंगभूमीवर प्रेतेंच प्रेतें असतात. 'टेम्पेस्ट'मध्यें बेटावर हद्दपार झालेल्या प्रॉस्पेरोच्या हातीं त्याचे शत्रु सांपडतात, त्यांचा नाश करण्याचें सामर्थ्य त्याच्यांत असतें, आणि तो क्षमा करतो. मग ही कथा कोणत्या नाटकाच्या वाटेनें जाणार? सूडाच्या कीं क्षमेच्या? सबंध कथेचें कुतूहल या एका प्रश्नावर टांगलेलें आहे. आम्ही तिचा शेवट सांगत नाहीं. एवढेंच म्हणतों, कीं ज्यानें दोन्ही नाटकें वाचलीं नाहींत त्यास हें कोडें घातलें गेलें होतें हेंच कळणार नाहीं. तो केवळ जादूच्या मारामाऱ्या पाहील व पुस्तक मिटील.

येथवर आम्हीं मांगाची बाजू मांडली. आतां तिची मर्यादा सांगणें प्राप्त आहे. कोणी विद्यार्थी असें म्हणेल, 'कथा चित्रांत कळली, आतां मूळ कशास वाचूं?' त्यास आमचें उत्तर असें. रोमिओ आणि ज्युलिएट प्रथम भेटतात तेव्हां त्यांच्या बोलण्यांतून चौदा ओळींचें एक सुनीत तयार होतें: कांहीं ओळी त्याच्या, कांहीं तिच्या, आणि यमकें दोघांचीं मिळून. दोन जीव एकमेकांस अनुरूप आहेत हें कवीनें सांगितलें नाहीं. छंदांत घडवून दाखविलें. चित्रकार दोन सुंदर चेहरे काढील, परंतु हें त्याच्या कुंचल्यास साधणारें नाहीं. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्यें कारागीर गद्यांत बोलतात, राजेरजवाडे निराळ्या वृत्तांत, आणि पकला पुष्कळदां लहान, उड्या मारणाऱ्या ओळी दिलेल्या आहेत. पात्र डोळ्यांस दिसण्यापूर्वीं कानास कळतें. ही संपत्ति मूळ भाषेंतच आहे. मांगा जपानी भाषांतरावरून लिहिलेली, आपल्या हातीं बहुधा तिचेंही इंग्रजी भाषांतर. एवढ्या हातांतून गेल्यावर कथा उरते, नाद उरत नाहीं. इंग्लंडांत २००७ सालापासून 'मांगा शेक्सपियर' या नांवाची एक माला निघाली; तिच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट'चें स्थळ आजचें टोकियो आहे, परंतु शब्द शेक्सपियरचेच, संक्षेप करून घेतलेले. त्या संपादकांसही शब्द टाकून चालेना, हें लक्षांत घ्यावें.

याच्या उलट, मांगा कांहीं देते हेंही कबूल केलें पाहिजे. नाटक हें पाहण्यासाठीं लिहिलेलें असतें, आणि आपण तें वर्गांत बसून वाचतों. त्यामुळें बोलणारापलीकडे रंगभूमीवर आणखी माणसें उभीं आहेत, हेंच विद्यार्थी विसरतो. हॅम्लेट बोलत असतां राणीचा चेहरा कसा होता? टिबाल्ट पडल्यावर क्षणभर कोणी बोललें नसेल, तो क्षण केवढा होता? चांगला मांगाकार एक सबंध पान शब्दांवांचून सोडतो, आणि ती शांतता वाचकास ऐकूं येते. अशी शांतता नाटकाच्या ओळींमध्यें शोधावयास शिकणें, ही लहान कमाई नव्हे.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी. चित्रकथेंत एखाद्या नाटकाचें नांव, पात्र अगर प्रसंग आढळला कीं वहींत तीन प्रश्न लिहावेत. यांत नाटकांतलें काय जसेंच्या तसें ठेविलें आहे? काय बदललें आहे? आणि तो बदल करून कथाकारानें नाटकास कोणता प्रश्न विचारला आहे? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मूळ नाटक उघडल्याशिवाय देतांच येणार नाहींत. आणि तिसऱ्याचें उत्तर जो देईल त्यास नाटकाच्या परीक्षेंतील कोणताही प्रश्न कठीण वाटणार नाहीं. मात्र उत्तरपत्रिकेंत शेक्सपियरचा रिचर्ड व कान्नो यांचा रिचर्ड यांची गल्लत होऊं देऊं नये. दोघांसही आपापल्या घरीं राहूं द्यावें.

पालकांस आमची विनंती निराळी आहे. पुस्तक हिसकावून घेण्यापूर्वीं तें उघडून पाहावें. सर्वच मांगा चांगल्या असतात असें आमचें म्हणणें नाहीं, आणि ज्या चांगल्या असतात त्याही सर्व वयांस योग्य असतात असें नाहीं. 'गुलाबराजाची अंत्ययात्रा' ही मोठ्या मुलांनींच वाचावी. कथा कोणत्या वयाच्या वाचकांसाठीं निघाली हें बहुधा सहज समजतें, तें अगोदर पाहावें. आणि मग मुलास विचारावें, 'हा हॅम्लेट कोण रे? मला सांग पाहूं.' तो सांगूं लागला तर शाळेनें शिकविलेलें नाटक त्या घरीं पोहोंचलें असें समजावें. तो अडखळला तर दोघांनीं मिळून माळ्यावरचें पुस्तक खालीं काढावें.

नाटक नेमणें शाळेच्या हातीं आहे. तें आवडतें करणें शाळेच्या हातीं सर्वस्वीं नाहीं. टोकियोंतील एखादा चित्रकार रात्रीं दिव्याशीं बसून मॅक्बेथचें नांव नव्या पात्रास देतो, तेव्हां त्यास कोणीं तें नाटक परीक्षेसाठीं नेमलेलें नसतें. त्या नाटकांतील प्रश्न त्याच्या मनांत घर करून राहिलेला असतो, म्हणून तो तें देतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं चारदोघांच्या मनांत जरी एखाद्या नाटकानें असें घर केलें, तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.